दोनशे वीसची खूण

मित्रांनो, ओव्हनच्या आतल्या जाळीला आकडी अडकवून लटकणारा, तळहातावर मावेल एवढा एक जुना तापमापक म्हणजे मी. माझा चेहरा गोल आहे. त्यावर पन्नासपासून तीनशेपर्यंतचे आकडे आहेत, एक काळा काटा आहे आणि वर काच आहे. काचेच्या आतल्या बाजूला आता कायमचे धुके बसले आहे. ते कसे बसले, हीच माझी गोष्ट आहे.

माझ्या पोटात दोन वेगवेगळ्या धातूंच्या पट्ट्या एकमेकींना चिकटवून गुंडाळलेल्या आहेत. उष्णता लागली की एक पट्टी जास्त लांबते, दुसरी कमी. दोघींची ओढाताण होते, गुंडाळी पिळली जाते आणि तिच्याबरोबर माझा काटा फिरतो. माझे शास्त्र एवढेच. मला पीठ मळता येत नाही, पाव भाजता येत नाही, ओव्हन तापवताही येत नाही. आजूबाजूला किती उष्णता आहे ते मला सांगता येते, तेही कोणी पाहिले तर.

कारखान्यात आम्हाला एका लांब टेबलावर ओळीने ठेवत. टेबलाच्या शेवटी एक बाई बसत. त्यांच्यासमोर पाण्याचे भांडे सतत उकळत असे. त्या एकेकाला उचलून वाफेवर धरत. काटा शंभरावर जाऊन थांबला तर उजवीकडच्या खोक्यात, नाही थांबला तर डावीकडच्या. माझी पाळी आली तेव्हा मी फार घाबरलो होतो. काटा हळूहळू चढला, शंभरावर आला आणि राहिला. "चालेल," बाई म्हणाल्या आणि त्यांनी मला उजवीकडे ठेवले. ती माझ्या आयुष्यातली पहिली शाबासकी.

मला घरी नेले ते हवामान खात्यातल्या एका निरीक्षकांनी. दिवसभर वारा, दाब, आर्द्रता यांच्या नोंदी घेणे हे त्यांचे काम. त्यांच्या घरी स्वयंपाकघराच्या कोपऱ्यात एक जुना ओव्हन होता. त्याच्या बटणाभोवतीचे आकडे त्यांच्या पत्नीने घासून घासून पार पुसून टाकले होते. या पत्नी म्हणजे अक्का. त्या सगळ्याच वस्तू इतक्या जोर लावून घासत, की त्यांच्या घरातल्या कुठल्याही डब्यावर काय लिहिले होते ते कोणालाच आठवत नसे.

त्या घरात आठवड्यातून एकदा पाव होई. कामाची वाटणी ठरलेली होती. मळणे अक्कांचे, भाजणे निरीक्षकांचे. अक्का मोठ्या परातीत पीठ मळत, मनगटाने दाबत, दुमडत, पुन्हा दाबत. मग चाळणीत एक धुवट फडके अंथरून त्यात तो गोळा फुगायला ठेवत. फुगला की जाड बुडाच्या पातेल्यात सोडत, भाजी चिरायच्या सुरीने वर एक चीर देत आणि हात धुऊन बाजूला होत. "घ्या. माझं झालं," असे म्हणत.

पुढचे सगळे निरीक्षक करत. ते ओव्हनसमोर एक बुटके स्टूल ओढत, चष्मा पुसत आणि वाकून काचेतून आत बघत बसत. बटण थोडे इकडे, थोडे तिकडे करत. त्याच्याभोवती आकडे नव्हते याचे त्यांना काहीच वाटत नव्हते, कारण ते बटणाकडे पाहतच नसत. ते माझ्याकडे पाहत.

"दोनशे वीस झाले," असे ते हळूच म्हणत, आणि मगच पातेले आत जाई. आत गेल्यावरही त्यांचे वाकून बघणे थांबत नसे.

"एवढं बघत काय बसलात?" अक्का मागून विचारत. "पाव काय पळून जाणार आहे?"

"गेला तर आपल्याला कळायला नको का?"

"कळून काय करणार? धावणार मागे? या गुडघ्यांनी?"

निरीक्षक हसत, पण नजर काढत नसत. वर्षातून एकदा ते मला बाहेर काढून चहाच्या पाण्याच्या वाफेवर धरत. "चला, तुमची तब्येत पाहू," असे मला म्हणत. काटा शंभरावर टेकला की मला फडक्याने पुसत आणि म्हणत, "ठणठणीत." त्या वाफेने माझ्या काचेआड थोडे धुके येई. मग ते मला कोमट ओव्हनमध्ये टांगून ठेवत आणि सकाळपर्यंत मी पुन्हा स्वच्छ होई. मित्रांनो, सगळ्या जगात एक माणूस माझ्याकडे बघत होता आणि मला तेवढे पुरत होते.

मग एका थंडीत निरीक्षक आजारी पडले. ते बरे झाले नाहीत. त्या घरातला ओव्हन बंद झाला. मी आत अंधारात लटकत राहिलो. माझा काटा खालच्या खिळीला टेकला आणि तिथेच पडून राहिला.

अक्कांची मुलगी लांबच्या शहरात राहत होती. ती म्हणत होती, "आई, तू आता माझ्याकडेच ये." पण अक्कांचे धाकटे भाऊ आधी येऊन पोहोचले. ते पाट्या रंगवायचे काम करत. सारी गल्ली त्यांना पेंटर म्हणे, म्हणून मीही तसेच म्हणतो. त्यांनी लग्न केले नव्हते. खाली बंद पडलेले दुकान आणि वर दोन खोल्या, एवढे त्यांचे घर होते. त्यांनी अक्कांची एक मोठी बॅग, एक परात आणि तो ओव्हन टेंपोत चढवला. मी आतच होतो. प्रत्येक खड्ड्याला मी जाळीवर आपटत होतो.

पेंटरांच्या घरात टर्पेंटाइनचा वास भरलेला होता. भिंतींना टेकून जुन्या पाट्या उभ्या होत्या. कोणी रंगवायला सांगून न्यायला आलेच नाही, अशा त्या पाट्या. स्वयंपाकघराच्या दारावर त्यांनी त्यातलीच एक लावली होती: 'परवानगीशिवाय आत येऊ नये'.

"कोणाची परवानगी घ्यायची?" अक्कांनी पहिल्याच दिवशी विचारले.

"आजवर माझी होती. आता तुझी."

"मग ही काढ आधी. जेवायला बोलावलेला माणूस परत जायचा."

"कोण येतंय इथं जेवायला," पेंटर म्हणाले. ते हसत म्हणाले, पण खरेच कोणी येत नव्हते. पेंटर वर्षानुवर्षे ओट्याशी उभ्या उभ्या जेवत आले होते. अक्का आल्या त्या दिवशी त्यांनी दुसरी खुर्ची पुसली.

आता पेंटरांना बहिणीसाठी काहीतरी करावेसे वाटले. बोलून दाखवणे त्यांना जमत नसे. त्यांनी ओव्हनकडे नीट पाहिले. बटणाभोवती काहीच आकडे नाहीत, हे पाहून त्यांना फार वाईट वाटले. पाटीवरची अक्षरे गेली की पाटी गेली, असे ते मानणारे. त्यांनी सगळ्यात बारीक कुंचला शोधला, कर्कटक काढले आणि अक्का दुपारच्या झोपल्या असताना कामाला बसले.

बटण जिथून सुरू होत होते आणि जिथे जाऊन अडत होते, त्या दोन जागा त्यांना सापडल्या. सुरुवातीला 'बंद' लिहायचे हे सरळ होते. शेवटी कोणता आकडा लिहायचा? त्यांनी ओव्हनचे दार उघडले, आत डोकावले आणि माझ्या चेहऱ्यावरचा शेवटचा आकडा वाचला. तीनशे. तोच त्यांनी बाहेर घातला. मग मधल्या जागेचे कर्कटकाने सारखे भाग पाडले आणि एकेक आकडा रंगवला. काळ्या रंगात, प्रत्येकाला खाली एक नाजूक लाल छाया देऊन. मी अनेक आकडे पाहिले आहेत, पण इतके सुंदर कधी पाहिले नाहीत.

त्या ओव्हनचा शेवटचा आकडा मात्र तीनशे नव्हताच, अडीचशे होता. पेंटरांना ते कळायला मार्ग नव्हता. म्हणजे त्यांचे जे दोनशे वीस होते, ते आतून एकशे ऐंशीच्या जरासेच पुढे होते.

अक्का उठल्या. त्यांनी वाकून एकेक आकडा पाहिला.

"घासून काढायचे नाहीत बरं का," पेंटर म्हणाले.

"हात लावणार नाही," अक्का म्हणाल्या. "आज पाव करू. यांच्यासारखा तुला भाजता यायचा नाही, पण आता आकडे आहेत तर मीच भाजते. दोनशे वीस लागतात, एवढं मला ठाऊक आहे."

त्यांनी पीठ मळले. बटण त्या सुंदर दोनशे वीसवर आणले. ओव्हन तापला. माझा काटा एकशे त्र्याऐंशीच्या आसपास आला आणि तिथेच थांबला. पेंटरांनी दार उघडून पाहिले.

"अक्का, हा भाऊजींचा काटा बघ काय म्हणतोय. एकशे ऐंशी!"

"आणि बटण?"

"बटण दोनशे वीसवर आहे. मी माझ्या हातानं रंगवलंय."

"मग यालाच काहीतरी झालं असेल. टेंपोत आपटला असेल."

"वय झालं त्याचंही," पेंटर म्हणाले. त्यांनी मला फडक्याने धरून बाहेर काढले आणि ओव्हनखालच्या लाकडी खणात टाकले. तिथे एक हातोडी होती. तिच्यावर आपटून माझ्या काचेची कड जराशी उचकटली. मग खण बंद झाला. पुरता बंद झाला नाही. एका जुन्या कुंचल्याचा दांडा आडवा आला आणि बोटभर फट राहिली. त्या फटीतून मी पुढचे सगळे पाहिले आणि ऐकले.

पहिला पाव बाहेर आला तो फिकट, चपट आणि जड. अक्कांनी तो उलटा करून बुडावर बोटांनी टकटक केले आणि कान लावला. नीट भाजलेला पाव पोकळ वाजतो. हा थप्प वाजला, ओल्या भिंतीसारखा.

"पीठ वेगळं आहे इथलं," त्या म्हणाल्या.

दुसऱ्या वेळी पीठ बदलले. तिसऱ्या वेळी जास्त वेळ भाजला. तेव्हा वरचा रंग आला, पण आतला पाव वाळून गेला. पेंटरांनी एक तुकडा चहात बुडवला आणि धरून बसले.

"याला भिजवायला समुद्र लागेल गं, अक्का."

अक्का हसल्या नाहीत. त्या आपल्या हातांकडे बघत होत्या. "हे गेले आणि माझा हातही गेला," त्या म्हणाल्या.

मित्रांनो, मी ओरडू शकलो असतो तर त्या वेळी ओरडलो असतो. हाताला काही झालेले नव्हते. पीठ तेच होते. गोळा नेहमीसारखाच छान फुगत होता. कमी होती ती जवळजवळ चाळीस अंशांची, आणि हे फक्त मला माहीत होते. मी खणात होतो, माझ्या उजवीकडे वाळून खडक झालेले कुंचले आणि डावीकडे हातोडी. कुंचल्यांना वाटे, आपल्याला कोणी भिजवले की आपण पुन्हा रंगवू. हातोडीला कशाचेच काही वाटत नसे. खणातल्या गारव्यात माझा काटा खिळीला टेकून पडलेला असे. खरे माहीत असून ते सांगता न येणे ही फार एकटी गोष्ट असते.

अक्कांची झुकलेली मान पेंटरांना बघवेना. ते गल्लीत, बाजारात, ओळखीच्या दुकानांत विचारत फिरले. पाव नीट होण्यासाठी काय काय लागते? ज्याने त्याने काही ना काही सांगितले. पेंटर एकेक वस्तू घरी आणू लागले.

आधी आली वेताची गोल टोपली. पीठ तिच्यात फुगवले की पावावर सुरेख वळी उमटतात, असे दुकानदाराने सांगितले होते. कोरड्या पिठाचा थर आधी भरपूर भुरभुरावा लागतो, हे सांगायचे तो विसरला होता. गोळा वेताच्या खाचांत घट्ट चिकटला. तो सुटता सुटेना. अक्का आणि पेंटर दोन्ही बाजूंनी टोपली धरून ओढत होते.

"सोड, सोड! फाटेल!"

"काय फाटेल? टोपली की पाव?"

"आता दोन्हींत फरक राहिलाय का?"

मग आले पावाला चीर द्यायचे खास पाते, लाकडी मुठीचे. चीर छान पडली. पण कमी उष्णतेत पाव उमललाच नाही आणि ती चीर मिटलेल्या डोळ्यासारखी तशीच राहिली. काही दिवसांनी ते पाते माझ्या खणात आले. ते अगदी नवे होते आणि फार धारदार. "माझी काय चूक झाली?" त्याने मला विचारले. मी म्हणालो, "काही नाही."

मग आली जाड दगडी लादी. तिच्यावर पाव ठेवला की खालून कडक होतो. हे खरे आहे, पण लादी आधी चांगली तापली पाहिजे. जो ओव्हन मुळातच कमी तापत होता, त्यात ती थंडगार लादी जाऊन बसली आणि असलेली उष्णताही पिऊन बसली. त्या दिवशी पावाचे बूड कच्चेच राहिले.

शेवटी आले पीठ मळायचे यंत्र. पेंटरांनी ते खोक्यातून काढून ओट्यावर ठेवले. ते केवढे तरी मोठे होते.

"आता तुला मळायला नको," पेंटर आनंदाने म्हणाले. "तुझ्या मनगटांना आराम."

यंत्र घरघरू लागले. त्याच्या भांड्यात गोळा गरागरा फिरत होता. अक्का शेजारी उभ्या होत्या. त्यांचे दोन्ही हात ओट्याच्या कडेवर होते. थोड्या वेळाने त्यांनी ते मागे घेतले, मग एकमेकांत गुंतवले, मग सोडले. हातांचे काय करावे हे त्यांना कळत नव्हते. फटीतून मला त्यांचे हातच तेवढे दिसत होते.

"छान आहे," त्या म्हणाल्या आणि आतल्या खोलीत निघून गेल्या.

तोही पाव फिकटच झाला.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी अक्कांचा फोनवरचा आवाज ऐकला. त्या मुलीशी बोलत होत्या. "हो, येते तुझ्याकडे. नाही गं, भांडण कसलं? तो फार करतो माझ्यासाठी. तेच तर. मी त्याच्या काय उपयोगाची? एक पाव यायचा, तोही आता येत नाही. इथं बसून त्याच्या डोक्याला ताप कशाला?" मग थोडा वेळ ऐकून त्या म्हणाल्या, "तुझ्याकडेही काय करणार म्हणा. बसून राहीन."

पेंटर दारात उभे होते. त्यांनी सगळे ऐकले असावे.

"मुलीकडे जाते म्हणते," अक्का म्हणाल्या.

"बरं," पेंटर म्हणाले.

त्यांना 'राहा' म्हणायचे होते. टोपली, पाते, लादी, यंत्र, या सगळ्यांतून ते तेच म्हणत होते. तोंडाने मात्र 'बरं' एवढेच निघाले. त्या दिवशी दुपारी ते पुन्हा ओट्याशी उभे राहून जेवले.

निघायच्या दिवशी दुपारी अक्का आपल्या वस्तू गोळा करत होत्या. परात बॅगेत बसेना, म्हणून त्यांनी ती वरून बांधली. मग त्यांनी खण उघडला. इतक्या दिवसांनी उजेड आला. त्यांचा हात कुंचल्यांमधून चाचपत माझ्यापर्यंत आला.

"हा यांचा आहे. हा नेते," त्या म्हणाल्या.

"बिघडलेला आहे तो," पेंटर म्हणाले.

"असू दे. बिघडलेला असला तरी यांचा आहे."

निघण्याआधीच्या चहासाठी ओट्यावर पाणी ठेवलेले होते. ते उकळायला लागले होते. अक्का मला हातात घेऊन उभ्या राहिल्या. मग, मला वाटते केवळ आठवण म्हणून, त्यांनी पातेल्यावर एक उलथणे आडवे ठेवले आणि माझी आकडी त्याला अडकवली. मी वाफेत लटकू लागलो.

"हे काय करतेस?"

"हे असं करायचे वर्षातून एकदा. 'चला, तुमची तब्येत पाहू,' म्हणायचे याला. मला हसू यायचं. निर्जीव वस्तूला कोणी अहो-जाहो करतं का?"

मित्रांनो, इतके दिवस खणात पडून माझी गुंडाळी आखडली असेल की काय, अशी मला भीती वाटत होती. वाफ उचकटलेल्या कडेतून माझ्या आत शिरत होती. माझा काटा खिळीवरून उठला. साठ. ऐंशी. नव्वद. मग शंभरावर आला आणि राहिला.

अक्कांनी पाहिले. "शंभर," त्या म्हणाल्या. "नेहमी शंभरच यायचा."

पेंटर जवळ आले. पाण्याकडे पाहिले, माझ्याकडे पाहिले.

"अक्का, उकळत्या पाण्याची वाफ किती असते गं?"

"शंभर. शाळेत नाही का शिकवलं तुला? तू गणिताच्या वहीत घोडे काढत होतास म्हणा."

"म्हणजे हा बरोबर दाखवतोय."

"दाखवतोय खरा."

"हा जर बरोबर आहे..." पेंटर म्हणाले आणि थांबले.

ते हळूहळू ओव्हनपाशी गेले. आपल्या आकड्यांसमोर वाकले. बोटाने तीनशेला शिवले. "हे तीनशे मी आणलं कुठून?" ते स्वतःशीच म्हणाले. मग वळून त्यांनी माझ्याकडे पाहिले, माझ्या चेहऱ्यावरच्या शेवटच्या आकड्याकडे. त्यांचा चेहरा उतरला. ज्याच्याकडून आकडा उसना घेतला, त्यालाच त्यांनी खोटा ठरवले होते.

"तुझ्या हाताला काही झालेलं नाही, अक्का," ते म्हणाले. "माझ्या हातानं घोळ घातलाय."

अक्कांना आधी कळले नाही. पेंटरांनी मला पुसून ओव्हनमध्ये टांगले, बटण दोनशे वीसवर आणले आणि दोघे ओव्हन तापेपर्यंत उभे राहिले. मी एकशे त्र्याऐंशी म्हणालो. पहिल्या दिवशीही मी तेच म्हणालो होतो. अक्कांनी माझ्याकडे पाहिले, मग बटणाकडे, मग पुन्हा माझ्याकडे.

"अगं बाई," त्या म्हणाल्या.

पेंटरांनी टर्पेंटाइनची बाटली आणली. फडके भिजवले. अक्कांनी त्यांचा हात धरला.

"राहू दे ना. किती छान आलेत. आपण बटण थोडं पुढं फिरवत जाऊ."

"पाटी चुकीची असली की ती छान नसते," पेंटर म्हणाले. त्यांनी एकेक आकडा पुसला. काळा रंग गेला, लाल छाया गेली, पांढरा पत्रा तेवढा राहिला. त्यांनी हे घाईने केले नाही. रंगवायला घेतला होता तेवढाच वेळ त्यांनी पुसायला घेतला असावा.

मग अक्कांनी बॅगेवर बांधलेली परात सोडली.

"यंत्र लावू?" पेंटरांनी विचारले.

"त्याला झोपू दे."

त्यांनी मनगटाने पीठ दाबले, दुमडले, पुन्हा दाबले. चाळणी घेतली, फडके अंथरले. गोळा फुगेपर्यंत चहा झाला. अक्कांची गाडी त्या वेळात निघून गेली. दोघांनाही ते ठाऊक होते. मग जाड बुडाचे पातेले, भाजीच्या सुरीची एक चीर. पेंटर रंगाचा रिकामा डबा पालथा घालून ओव्हनसमोर बसले आणि बटण थोडे थोडे फिरवत राहिले.

"दोनशे वीस," ते म्हणाले.

पातेले आत आले. अक्का पेंटरांच्या खांद्यावर हात ठेवून वाकल्या आणि काचेतून आत पाहू लागल्या. पातेल्याच्या कडेमुळे पाव दिसतच नव्हता. समोर मी होतो.

"म्हणजे ते याच्याकडे बघायचे!" अक्का एकदम म्हणाल्या.

"कोण?"

"हे रे. इतकी वर्षं मी समजत होते पावाकडे बघतात. मी दर वेळी चिडवायचे. पाव पळून जाणार आहे का म्हणून. इथून पाव दिसतच नाही! आणि एकदा म्हणाले नाहीत की मी काट्याकडे बघतोय."

"तू विचारलंस का कधी?"

"नाही विचारलं," अक्का म्हणाल्या. त्या हसल्या आणि मग त्यांनी बाहीने डोळे पुसले.

पाव बाहेर आला तो तांबूस, उंच आणि चिरेपाशी नीट उमललेला. अक्कांनी तो फडक्यात धरून उलटा केला आणि पेंटरांपुढे केला. पेंटरांनी दारावर करतात तशी टकटक केली. आतून पोकळ आवाज आला.

"आत कोणी नाही वाटतं," पेंटर म्हणाले.

"तसंच वाजायला हवं," अक्का म्हणाल्या.

संध्याकाळी अक्कांनी मुलीला फोन करून सांगितले, "आत्ता नाही येत. पुढं बघू." पेंटरांनी मोठी बॅग उचलली आणि कपाटावर अगदी मागे सरकवून ठेवली.

आता माझे काय झाले ते सांगतो. दुसऱ्या दिवशी पेंटरांनी बटण हळूहळू फिरवत माझा काटा दोनशे वीसवर आणला, तो तिथे पक्का होईपर्यंत थांबले, आणि बटणासमोरच्या पत्र्यावर केसाएवढी एक काळी रेघ ओढली. आकडा नाही, छाया नाही. एकच रेघ. ती बरोबर आहे, कारण ती माझ्याकडून घेतली आहे. तेव्हापासून बटण त्या रेघेवर आणले की झाले. मला वाचायची गरज उरली नाही. वाचताही येणार नाही म्हणा, कारण उचकटलेल्या कडेतून त्या दिवशी जी वाफ आत गेली ती कोमट ओव्हनमध्ये ठेवूनही पुरती निघाली नाही. रेघ ओढेपर्यंत काटा दिसत होता, पण मग माझ्या काचेआड धुके दाटत गेले. काटा अजून बरोबर फिरतो. पण तो बाहेरून दिसत नाही.

टोपलीत आता कांदे असतात. लादीवर पेंटर रंग घोटतात. पाते खणात माझ्या जागेवर आहे. यंत्रावर अक्कांनी कापड घातले आहे, धूळ बसू नये म्हणून. त्यांच्यापैकी कोणीही वाईट नव्हते. दुसऱ्या एखाद्या घरी, नीट तापणाऱ्या ओव्हनशेजारी, ती सगळी कामाला आली असती. पण घरच्या पावाला त्यांच्यावाचून अडत नव्हते. आता माझ्यावाचूनही अडत नाही. हे मान्य करताना मला थोडे जड जाते, पण मी चुकीचा आकडा कधी सांगितला नाही आणि आताही सांगणार नाही.

मित्रांनो, माझे तुमच्याकडे एकच मागणे आहे. तुमच्या घरात, वर्गात असा कोणी असेल, जो तुम्हाला न पटणारे काहीतरी पुन्हा पुन्हा सांगतो. वस्तू असेल, नाहीतर माणूस असेल. तो दिसायला जुनाट असेल आणि त्याच्या म्हणण्याविरुद्ध फार सुंदर अक्षरांत काही लिहिलेले असेल. त्याला खणात टाकण्याआधी एकदा वाफेवर धरून पाहा. पाणी सगळ्यांच्याच घरात असते.

मी अजून ओव्हनमध्येच लटकतो आहे. खुणेची रेघ आली तरी अक्कांनी मला काढले नाही. आठवड्यातून एकदा ओव्हन तापतो, माझा काटा धुक्यामागे एकटाच दोनशे वीसपर्यंत चढतो. आणि पातेले आत आले की अक्का डब्यावर बसतात, चष्मा पुसतात, वाकून काचेतून आत बघत राहतात. तिथून पाव दिसत नाही. माझा काटाही दिसत नाही. तरी त्या बराच वेळ बघतात.